फळीतून ऐकू येतं

आई, तू स्वयंपाकघराच्या खिडकीला फळी ठोकलीस त्याला आता सत्तावीस वर्षं झाली, आणि तुला जाऊन चौदा. मागच्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला. स्वयंपाकघराला टाइल्स बसवायच्या आहेत, आणि मिस्त्री म्हणतो की ती खिडकी विटा लावून कायमची बुजवून टाकू. अडचण एवढीच की बाहेरून प्लास्टर करायला त्याला शेजारच्या काकूंच्या बोळात उभं राहावं लागणार, म्हणजे काकूंना विचारावं लागणार. "मी नाय जाणार त्यांच्या दारात," धाकटा म्हणाला. "आईनं मरेपर्यंत त्यांचं तोंड बघितलं नाय. त्यांनी तुझं गंगापूरचं स्थळ मोडलं, तर तूच ठरव विचारायचं का नाय ते." मी म्हणाले, विचारते. रविवारी बजाजनगरच्या माझ्या घरून रिक्षा करून आले. मिस्त्री सोमवारी येणार होता, त्यामुळे वेळ तसा थोडाच होता.

ती खिडकी उघडी असतानाची तू मला फार आठवतेस. तुमच्या दोघींच्या खिडक्या समोरासमोर, मध्ये हातभर बोळ. तू इकडे भाकरी थापायचीस, त्या तिकडे, आणि सगळं बोलणं भाकरी उलटण्याच्या मधल्या वेळात. या घरात आपण राहायला आलो त्या दिवशी पहिलं विरजण त्यांनीच त्या खिडकीतून दिलं, हे तू आल्यागेल्याला सांगायचीस. पुढे भांडण झालं आणि ती गोष्ट सांगणं बंद झालं, पण विरजण तेच राहिलं. तू रोज चमचाभर दही बाजूला काढून ठेवायचीस, खंड पडू द्यायची नाहीस. पैठणला माहेरी जातानासुद्धा डबी मांडीवर घेऊन एसटीत बसायचीस आणि अप्पा म्हणायचे, "लेकरू घेऊन चाललीस काय?" काकूंकडे मागायला जावं लागू नये म्हणून तू इतकं जपत होतीस, की ते त्यांच्याकडचं होतं म्हणून? हे विचारायचं मला तेव्हा सुचलंच नाही.

भांडणाचा दिवस मला अजून नीट दिसतो. आदल्या दिवशी गंगापूरचे पाहुणे येऊन गेलेले. बारा एकर ऊस, मुलगा एकुलता एक, तुझ्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. पाहुण्यांनी आपल्याकडे पोहे खाल्ले, जाता जाता चौकशीला म्हणून शेजारी डोकावले, तिथून थेट जीपमध्ये बसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मध्यस्थ सांगत आला, "मुलीला फिट येतात म्हणे." तू पिठाचे हात न धुताच खिडकीशी उभी राहतेस. "माझ्या लेकीच्या अन्नात माती कालवलीस! काय मिळालं गं तुला?" काकू तांदूळ धूत आहेत. मान वर करत नाहीत. एकदाच वर बघतात, पण तुझ्याकडे नाही. तुझ्या मागे मी उभी आहे, माझ्याकडे. मी नजर काढून घेते. संध्याकाळी अप्पांकडून तू फळी ठोकून घेतलीस. त्यानंतर त्या स्वयंपाकघरात दिवसासुद्धा बल्ब लागायचा, आणि अप्पांनी त्यावर काही म्हटलं की तू म्हणायचीस, "मला अंधार चालतो, ती नाय चालत."

आई, काकूंना तसं सांगायला मी लावलं होतं. पाहुणे यायच्या दोन दिवस आधी त्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या, तिथं जाऊन मी म्हणाले, "काकू, ते लोक तुमच्याकडं चौकशीला येतील. काहीतरी सांगा." "काय सांगू?" "काहीही सांगा." माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं आणि त्या लोकांनी आधीच कळवलं होतं की लग्नानंतर शिक्षण नाही, नोकरी नाही. तुला सांगायला माझं तोंड उघडेना. त्यांना सांगताना मात्र उघडलं. "आईला यातलं काही सांगू नका," असंही म्हणाले. त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

यात आणखी एक आहे, आणि ते मला आजही नीट समजत नाही. त्यांनी माझं काम केलं, तरी माझाही त्यांच्यावर राग होता. फिटची बातमी पसरली, पुढची दोन स्थळं त्यामुळेच गेली, माझं लग्न तिसाव्या वर्षी झालं. मला वाटायचं, काहीही सांगा म्हणाले होते, म्हणून काय हे सांगायचं? समोरून येताना दिसल्या की मी ओढणी सारखी करत खाली बघायचे. तू माझ्या लग्नाची पत्रिका त्यांना दिली नाहीस तेव्हा मी काहीच बोलले नाही. ज्यानं आपल्यासाठी बोल लावून घेतला त्याच्यावरच माणूस कसा रुसतो? माझं काम तपासण्याचं, कंपनीच्या प्रयोगशाळेत रोज नमुने बघते, पण याचा तपास मला कधी लागला नाही.

तर मी गेले. काकू आता वाकल्यात, आवाज मात्र तोच. दारातच म्हणाल्या, "ये. चार पावलांना सत्तावीस वर्षं लावलीस की गं." मी खिडकीचं सांगितलं. "बुजवा की. माझी काय ना नाय. तुझ्या आईनं अर्धं काम करूनच ठेवलंय." मग पदराचं टोक चाळवत म्हणाल्या, "त्या फिटचं लई झालं व्हतं का गं?"

"जरा जास्तच झालं, काकू. दुसरं काही सांगायचं."

"काय सांगणार? तू चांगली, घर चांगलं, आई सुगरण. बसल्या जागी काय सुचंना. माझ्या आत्याला यायच्या फिट, तेच तोंडात आलं. तूच म्हणली व्हतीस ना, काहीबी सांगा?"

"हो. म्हणाले होते." एवढं बोलायला मला इतकी वर्षं लागली. आणि मग आम्ही दोघी अशा हसलो की त्यांची सून दारात येऊन बघून गेली.

त्या आत गेल्या आणि एक स्टीलची वाटी घेऊन आल्या. "ही तुमची. द्यायची राहिली." वाटीवर तुझं नाव कोरलेलं. मामांनी तुझ्या लग्नात दिलेल्या सहा वाट्यांमधली, हरवलेली. त्या वाटीवरून तू धाकट्याला दोन दिवस बोलत होतीस, मैदानावर नेऊन हरवलीस म्हणून, आठवतं? काकू सांगत होत्या, "ह्यांचं ऑपरेशन झालं, वीस दिवस घराला कुलूप. परत आलो तर ह्यांना दहीभात पाहिजे आन घरात विरजण नाय. मी ह्यांनाच म्हणलं, आता मागायला कुणाच्या दारात जाऊ? दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या मधल्या भिंतीवर वाटी. वर बशी, बशीवर दगड. मांजरीचंबी ध्यान ठेवलं व्हतं तिनं."

"मग वाटी परत का नाही दिली?"

"कशी देणार? घेताना माझ्याकडं बघावं लागलं असतं तिला. मग भांडणाचं काय करायचं?"

"पण आईला कळलं कसं?"

"फळीतून ऐकू येतं की सगळं. तुमचंबी येतं इकडं." आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यांनी एकदा त्या खिडकीशीच मला म्हणलं व्हतं, सगळं अंगावर कशाला घेतीस, पोरीनंच सांगायला लावलं असं सांगून टाक. मी म्हणलं, पोरीला शब्द दिलाय."

"हे वाटीच्या आधी की नंतर?"

त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला. "त्याच सुमाराचं. आधी का नंतर, आता नाय गं सांगता येत."

घरी आल्यावर मी फळीजवळ उभी राहिले. फोडणीचे तेलकट डाग सगळ्या फळीवर आहेत, त्यात कान लावताना टेकलेल्या तुझ्या डोक्याच्या तेलाचा एखादा असला तरी ओळखता येणार नाही. मी कान लावला. पलीकडे काकू सुनेला म्हणत होत्या, "बिनचहाची गेली ती. तू आधण ठेवलं का नाय?" शब्द न शब्द स्वच्छ. म्हणजे ऐकायचं म्हटलं तर तुला सगळं ऐकू आलं असणार. पण ऐकलंस का? आणि ऐकलंस, तर पुढची सगळी वर्षं माझ्याशी पहिल्यासारखीच कशी वागलीस? फळी काढली असतीस तर सगळे विचारणार, भांडण का मिटलं, आणि मग माझं नाव निघणार. तू फळी त्यासाठी ठेवलीस, की काही न ऐकता, रागानंच ठेवलीस? यातलं एकच खरं असावं असं मला वाटतं, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

धाकट्याला मी सगळं सांगितलं. तो टाइलचा नमुना मांडीवर घेऊन ऐकत होता. "म्हणजे इतकी वर्षं मी त्यांना बघून रस्ता बदलायचो, ते?" मी म्हणाले, "माझ्यामुळं." "आणि वाटी?" "ती आईनं." तो नमुना खाली ठेवून उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, चिडला. पाच मिनिटांनी फळीतून त्याचा आवाज आला, "काकू, आहात का?" आणि काकूंचा, "कोण, धाकटा व्हय? ये. जपून ये बाबा, ओलं हाय." सोमवारी मिस्त्रीनं खिडकी बुजवली नाही, फक्त फळी काढली. आता तिथं सकाळी दहापर्यंत ऊन येतं. ते तुला आवडलं असतं की नाही, हेही मला माहीत नाही.

धाकट्यानं नंतर विचारलं, आईला का नाही सांगितलंस? त्याला मी उत्तर दिलं नाही, तुला देते. मला भीती वाटायची की सांगितलं तर तू काकूंना त्याच दिवशी माफ करशील आणि मला करणार नाहीस. वाटी हातात आल्यापासून ती भीती गेली, असं लिहून हे पत्र संपवणार होते. पण ते खरं नाही. थोडी अजून आहे.