बरणीच्या तोंडापर्यंत

प्रिय आम्रपाली,

भरवेलीच्या घरात खिडकीत तू मांडून गेलेल्या पाचही काचेच्या बरण्या ठीक आहेत. नागपूरला जाताना मला कागदावर लिहून दिलं होतंस ना, रविवारी अर्धं पाणी बदल, नळाचं पाणी एक दिवस बादलीत राहू दे, ऊन सकाळचंच लागू दे. सगळं केलं. खाणीची काळी धूळसुद्धा काचेवर बसू दिली नाही. आईच्या औषधांसाठी मात्र तू कधी असा कागद लिहिला नाहीस.

मधली मुरब्ब्याची बरणी आईची. वैनगंगेची वाळू घालून तळ्यातली हिरवी काडी तू तिच्यासमोर त्यात रोवलीस आणि म्हणालीस, "ही बरणीच्या तोंडाले लागली का मी तुले नागपूरले न्यायले येतो, माय." बोलून मोकळी झालीस. खुबा मोडून पलंगाला खिळलेल्या बाईला दुसरं कामच काय? ती दिवसभर काडी बघायची. फेब्रुवारीत काडी तोंडाला लागली. आईनं माझ्याकडून दोन पातळं पिशवीत भरून घेतली, केस विंचरून घेतले आणि तुला फोन लावायला सांगितला. तू म्हणालीस, एप्रिलातली बाबासाहेबांची जयंती झाली की बघू. पिशवी आठ दिवस तिच्या उशाशी होती. ती नागपूरला गेल्यावर माझं काय, हे तिनं एकदाही विचारलं नाही.

त्यानंतर मी कात्री घेतली. दर रविवारी पाणी बदलायला बरणी मोरीत न्यायची आणि काडी चार बोटं छाटायची. तुला वाटेल, आईचा जीव पुन्हा तुटू नये म्हणून. थोडं तसंही होतं, पण राग जास्त होता. पाण्यातलं झाड छाटलं की खालून दोन फुटतात, हे तू कागदावर लिहिलं नव्हतंस. बरणी गच्च होत गेली, उंची मात्र वाढेना. आई म्हणायची, "आनंदीचा हातच करंटा. तिचा हात लागला का झाड वाढतच नाही. नाही तं माही आम्रपाली कवाचीच आली असती." मी ऐकून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी पाच बोटं छाटायचे. शेवटपर्यंत तुझ्यावर ठपका आला नाही तो माझ्या कात्रीमुळे, एवढं लक्षात ठेव.

गेले तीन रविवार तू फोन केलास आणि मी म्हटलं, आई झोपली आहे. "राहू दे, उठवू नको," म्हणत तू तिन्ही वेळा लगेच फोन ठेवलास. आईला जाऊन आज तेवीस दिवस झाले. जलदानाचा विधीही झाला. काकांचा महेंद्र विचारत होता, आम्रपाली काहून नाही आली? मी सांगितलं, तिला कळवलंय, सवड नाही म्हणाली. सगळ्यांना ते पटलं, कुणी पुन्हा विचारलंसुद्धा नाही. आई गेली त्या दिवसापासून मी कात्रीला हात लावलेला नाही. काल सगळ्यांत उंच काडी बरणीच्या तोंडाला लागली. आता ये.

तुझीच,
करंट्या हाताची आनंदीताई