बुटांच्या खोक्यातली फौज

प्रिय साडूभाऊंस,

शिरसाष्टांग नमस्कार. (वयाने तुम्ही माझ्याहून तीनच महिन्यांनी मोठे, पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हटला की वाकावंच लागतं.) कंबर कशी आहे? गोळ्या घेता की नुसत्या उशाशी ठेवता? इकडे सगळे खुशाल आहोत, एक माझी उजवी बाजू सोडली तर. ती दुखत नाही, मोकळी पडली आहे. तिथे माझ्या नेपोलियनवर ज्या शिशाच्या प्रशियन फौजेने चाल करून यायचं, ती तुमच्या कपाटात बुटांच्या खोक्यात झोपली आहे, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर वॉटर्लूची लढाई अडून बसली आहे. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. हिने परवा हिरवी चादर धुवायला मागितली, मी साफ नाही म्हटलं (चादरीखाली टॉवेलची घडी म्हणजे टेकडी, आणि टेकडीवर आपल्या दातांच्या डॉक्टरांचे इंग्रज उभे).

तुमचा राग मला कळतो. डॉक्टरांनी त्या दिवशी तोंडात घालायचा तो इवलासा आरसा तुमच्या शिशाच्या घोडेस्वाराच्या डोक्यामागे धरला आणि निकाल दिला, की टेकडी आड येते, याला फ्रेंच तोफा दिसतच नाहीत, हल्ला रद्द. असा निकाल शत्रूने दिला असता तर सोसला असता, पण डॉक्टर तर लढाईत तुमच्याच बाजूचे! माणसाने इतकं सरळ असू नये. तुम्ही स्वतः वाकून खात्री करणार होतात, पण मध्ये पोट आलं (ही टेकडी आपल्या कुठल्याच नियमात बसत नाही). मग तुम्ही फौज खोक्यात भरलीत आणि चपलाही नीट न घालता चालते झालात.

तुमच्यावाचून काही अडत नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. हिच्या शिवणाच्या डब्यातली बटणं प्रशियन म्हणून उभी केली, तर डॉक्टर म्हणाले, "बटणांकडून हरलात तर चारचौघांत सांगाल काय?" शिवाय दुसऱ्याच दिवशी हिने त्यातला सेनापती माझ्या शर्टाला लावून टाकला. शेवटी प्रशियनांशिवायच खेळलो, आणि साडूभाऊ, मी जिंकलो! माझा नेपोलियन वॉटर्लू जिंकला! इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते झालं. दात उपटल्यावर थोपटतात तसं डॉक्टरांनी मला खांद्यावर थोपटलं आणि चहा न घेताच गेले. मला फार वाईट वाटलं. तुम्ही येणारच नाही हे पक्कं ठाऊक असलं की धाकधुकीने उजवीकडे बघावं लागत नाही, आणि बघावं लागत नसेल तर ती लढाई कसली, ते टेबल पुसणं झालं.

तेव्हा सगळे शिपाई उचलून पुन्हा पहिल्या जागी मांडले आहेत. ही लढाई होणार, आणि झाली तर रीतसर होणार, टेकडीसकट आणि प्रशियनांसकट. रविवारी माझी बहीण सासरची मंडळी घेऊन जेवायला येते आहे. ही म्हणते, टेबल मोकळं नसेल तर त्यांना तुम्हीच तोंड द्या. देईन. मागे हटणार नाही. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. शनिवारी दुपारी खोकं घेऊन या. टेबलाच्या पायांखाली विटा लावून ते उंच केलं आहे, तुम्हाला वाकावं लागणार नाही.

ता. क. २. तुम्ही दार लावून प्रशियनांचे डगले नव्याने रंगवत बसता, असं ताईंनी हिला फोनवर सांगितलं आहे. तेव्हा 'तो नाद मी कधीच सोडला' वगैरे कळवण्याच्या भानगडीत पडू नये.

ता. क. ३. नुसतं खोकं कुणाबरोबर धाडू नका. हरायचा माझा अजिबात बेत नाही. पण हरायचंच असेल तर घरच्या माणसाकडून हरेन.