विहारातली टाळी

गुडीहत्नूर, २ जून २०२४

चि. शुभांगीस बाबाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

फोनवर बोललो तर तुझी माय ऐकते, म्हणून हा कागद. माझे कान गेले असं वाटून राह्यलं. आज विहारात वंदना घेताना लोकांचं मागून म्हणणं संपलं का चालू आहे, तेच कळेना. मी पंचशीलातलं एक शील गाळून पुढं गेलो. मीच मागं लागून भिंतींना टाइल्स लावून घेतल्या, विहार कसा चमकून राह्यला, आणि आता मलाच तिथं उभं राहवत नाही. इतकी वर्षं वंदना घेतली; आता चंपतवर सोपवतो म्हणतो.

तू कन्व्होल्यूशन शिकतेस म्हणालीस. शाळेत मी मेंदूच्या वळ्यांना ते नाव शिकवायचो. कपाशीच्या कळीत पाकळ्या एकीवर एक गुंडाळतात, त्यालाही तेच. तुमच्यात काय गुंडाळता?

माया कमी करू नको.
तुझा बाबा, नागसेन

हैदराबाद, ९ जून २०२४

ती. बाबांना शुभांगीचा सादर जयभीम.

चंपतकाकांना काही सांगू नका. आमच्यात आवाज गुंडाळतात. तुमचा एक शब्द भिंतींवरून परत येत विरतो, तोवर दुसरा त्याच्यावर चढतो, मग तिसरा. कानाशी पोचते ती सगळ्यांची बेरीज. तुमच्या कळीसारखंच, फक्त ही उमलत नाही.

परवा माझ्या सांगण्यावरून तुम्ही रिकाम्या विहारात एक टाळी वाजवून रेकॉर्डिंग पाठवलंत आणि ही टाळी कशाला, काऊन, काऊन विचारत राहिलात. ती टाळी मी तुम्ही घरी म्हटलेल्या त्रिशरणाच्या रेकॉर्डिंगशी कॉम्प्युटरवर मिसळली. तुम्ही विहारातच उभे आहात असं ऐकू आलं, आणि माझ्या धडधाकट कानांनाही शब्द लागेना. दोष बराचसा टाइल्सचा आहे, रागावू नका. भिंतींवर गोधड्या टांगून बघा. कान मात्र तपासायचेच, तिथं लाड चालणार नाहीत.

मायलाही सांगा ना. लेकीवर असाच जीव असू द्या.
तुमची शुभांगी

गुडीहत्नूर, २३ जून २०२४

चि. शुभांगीस आशीर्वाद आणि जयभीम.

घरोघरच्या गोधड्या टांगल्या. चंपतनं विचारलं, विहारात बाळंतीण ठेवली का. पण वंदना सुरू झाली आणि एकेक आवाज सुटा झाला. लोकांचं म्हणणं संपलं, की बायकांच्या रांगेतून तुझी माय पुढच्या ओळीचा पहिला शब्द हळूच म्हणून राह्यली होती.

घरी येऊन विचारलं. ती म्हणाली, टाइल्सच्या कितीतरी आधीपासून म्हणते, तुम्हाला कमी ऐकू येते ते मला ठाऊक होतं, पण तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल. म्हणजे मी इतके दिवस तिच्याच शब्दावर चालत होतो, पोरी, आणि टाइल्स लागल्यावर तोच बुडाला.

उद्या दोघं आदिलाबादला कानाच्या डॉक्टरकडे जातो. पुढच्या रविवारी वंदना तुझी माय, पंचफुला घेणार. मी लोकांत बसून तिच्या मागून म्हणेन.

तू यावंस, असं दोघांनाही वाटते.
तुझा बाबा