डॉक्टरांचं घड्याळ आणि माझं नाक

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा एका हातात रुमाल धरून नमस्कार. साष्टांग घालायची सध्या सोय नाही. डोकं खाली केलं की डाव्या गालात कोणीतरी खिळा ठोकतंय असं वाटतं आणि नाकाचा नळ सुटतो. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचं पथ्य नीट चाललंय ना, की डबे वरच्या फळीवर ठेवूनही त्यांचा हात पोचतोच? इकडे सगळे ठीक आहेत. मीही ठीकच आहे, फक्त ते कोणाला पटत नाही.

सर्दीला आज चोविसावा दिवस. पण सर्दी परवडली, सल्ले नकोत. माझ्या नाकातून एक थेंब खाली आला की या गल्लीत दहा वैद्य जन्माला येतात. त्यांत पहिला मान शेजारच्या चष्मेवाल्याचा. हा गृहस्थ भिंतीवर अक्षरं टांगतो आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो (उरलेला अर्धा पांढऱ्या कोटाने भरून काढतो). त्याच्या सांगण्यावरून दुकानातच वाफ घेतली, तर शोकेसमधल्या चौदा घड्याळांना घाम फुटला. लसूण चघळला, तर गिऱ्हाईक दारातूनच घड्याळ पुढे सरकवायला लागलं. शेवटी त्याने स्वतःच्या मुलीच्या गेल्या वर्षीच्या आजारपणातल्या उरलेल्या पाच गोळ्या मोठ्या औदार्याने आणून दिल्या. त्या कशावरच्या होत्या हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मी तीन घेतल्या. नाकाने त्यांची दखलही घेतली नाही, पोटाने मात्र दोन दिवस घेतली.

घरी तुमची भाचेसून. तिने औषधाच्या दुकानातून एक पत्रक आणून आरशावर चिकटवलंय, त्यामुळे मला अर्धी दाढी अंदाजाने करावी लागते. त्यात लिहिलंय की साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते, खोकला थोडा जास्त रेंगाळतो. पण दहा दिवसांनंतरही उतार नसेल, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा उलटली, ताप आला, चेहऱ्याची एक बाजू ठणकू लागली, तर डॉक्टरांना दाखवा, आणि धाप लागत असेल तर थांबूच नका. छापणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? माझी सर्दी नवव्या दिवशी गेलीच होती म्हणा ना. दोन दिवस झकास गेले. बाराव्या दिवशी ती परत आली ती ताप सोबत घेऊन, आणि तेव्हापासून गाल आणि वरच्या दाढा ठणकतात. आता हे दाढांचं दुखणं आहे, सर्दीचं नव्हे, हे तिला शंभरदा सांगून झालं. ती वाद घालत नाही, नुसतं पत्रकावर बोट ठेवते. माणसाशी भांडता येतं हो, छापील कागदाशी कसं भांडायचं?

मी डॉक्टरांना घाबरतो असं तिने तुम्हाला कळवलं असेल, तर ते साफ खोटं आहे. घाबरण्यासारखं त्यांच्यात आहे काय? आपण घड्याळ उघडतो, आत बघतो, मग बोलतो. हे लोक न उघडताच बोलतात आणि वर आपल्यालाच जीभ बाहेर काढायला लावतात. माझी अडचण वेगळी आहे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं घड्याळ माझ्या मेजावर उघडं पडलंय.

झालं असं. ते जुनं चावीचं मनगटी घड्याळ त्यांनी पाचव्या दिवशी साफसफाईला दिलं. तेराव्या दिवशी मी ते जोडायला बसलो. तुमचा नियम मला पाठ आहे, मेजाच्या कडेला अडकवलेलं पांढरं फडकं मांडीवर घेतल्याशिवाय चिमटा उचलायचा नाही, म्हणजे निसटलेला भाग त्यातच पडतो. शिकाऊ असताना चार महिने तुम्ही मला नुसतं तेवढंच करायला लावलं होतं. फडकं मांडीवर होतं. पण रुमाल संपले होते, म्हणून मी त्याच फडक्याने नाक पुसत होतो (आठी घालू नका, तुम्हाला सांडलेला चहा फडक्याने पुसताना मी पाहिलंय). शिंक आली. चिमट्यातला स्क्रू, तांदळाच्या कणीहून बारीक, उडाला आणि बरोब्बर फडक्यात पडला. मी खाली वाकणार, तोच दुसरी शिंक, आणि सवयीने मी स्क्रूसकट फडकं उचलून नाकाला लावलं.

त्यानंतर स्क्रू दिसला नाही. दोन दिवस मी शिंकताना समोर कोरा कागद धरत होतो, न जाणो. मग कळलं की दरम्यान तुमच्या भाचेसुनेने ते फडकं धुवायला नेलं. अठरा वर्षं घड्याळजीशी संसार करून या बाईला फडकं आधी झटकावं, इतकंही सुचू नये! तरी बरं, साबण स्वस्त वापरते, म्हणजे नुकसान स्क्रूपुरतंच.

डॉक्टरांचा कंपाउंडर दोनदा येऊन गेला. मी सांगितलं, घड्याळ देखरेखीखाली आहे. आता तुम्हीच सांगा, त्यांच्याकडे तपासायला जाऊ कसा? ते माझी नाडी धरणार आणि सवयीने आपल्या रिकाम्या मनगटाकडे बघणार. तेव्हा मी कुठे बघू? गावात दुसरा डॉक्टर आहे तो दातांचा. त्याच्याकडे गेलो होतो. त्याने एकेक दाढ ठोकून पाहिली आणि म्हणाला, दाढा ठणठणीत आहेत, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना सर्दी दाखवा. सगळे एकाच माळेचे मणी.

बाकी क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद लांबूनच दिलेले बरे.

तुमचा (बहुतेक बाबतीत) आज्ञाधारक भाचा

ता. क. : तुमच्या जुन्या डब्यांत त्या जातीच्या घड्याळाचा स्क्रू असणारच. चित्र काढून सोबत ठेवलंय. मिळेल त्या पहिल्या माणसाबरोबर पाठवा. घड्याळ पोचतं झालं की मी त्याच पावली तपासून घेतो, शब्द देतो.

ता. क. २ : हे घरात कळू देऊ नका.

मामा, मी तुमची भाचेसून. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून या चार ओळी. स्क्रू पाठवू नका. फडकं धुताना तो मला सापडला, बटणांच्या डबीत आहे. दिला असता, पण घड्याळ पोचतं झालं की सर्दी आपोआप हटेल म्हणून हे घरीच बसले असते. यांचा शब्द तुम्हालाही ठाऊक आहे. मघाशी घरचा जिना चढताना मध्ये तीनदा थांबले आणि मला म्हणाले, कठडा हलतोय का ते बघतोय. श्वासाचा आवाज मला खालच्या पायरीवर ऐकू येत होता. मामा, मला भीती वाटली. हे पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात मी डॉक्टरांकडे जाऊन आले आणि स्क्रूपासून धापेपर्यंत सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. एक रुग्ण आत होता, तो झाला की लगेच निघतो म्हणाले. आत्ता ते बॅग घेऊन रस्ता ओलांडताना मला दिसतायत. हे मेजाखाली शिरलेत. पत्र मी नंतर टाकेन.