बावीस खाली, वीस वर

माझा वाढदिवस तुमच्यापैकी एकालाही कधी आठवलेला नाही, आणि माझा मुलगा व्हर्जिल तर एकदा मलाच दवाखान्यातून घरी आणायला विसरला होता. तेव्हा तोंडी सांगून काही उपयोग नाही, हे ओळखून सगळं कागदावर उतरवून घेत आहे. हाही कागद कुठं ठेवला ते विसराल, म्हणून एक प्रत एडनाकडे राहील.

मी, व्हर्डी मे स्टॉलकप, वय वर्षे शहात्तर, कै. ऑर्व्हल स्टॉलकप यांची पत्नी, राहणार ऑइलडेल, कॅलिफोर्निया, असे जाहीर करते की माझं डोकं जागेवर आहे, गुडघे नाहीत, आणि मला कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. दाखवायची कोणाची टाप नाही. मला लिहितावाचता येत नाही. शाळेच्या वयात मी ओक्लाहोमात कापूस वेचत होते. सबब माझी शेजारीण, निवृत्त शिक्षिका एडना हॉल्कम, मी बोलते तसं लिहून घेत आहे. तिनं मध्येच माझं बोलणं सुधारलेलं आढळल्यास तेवढा भाग रद्द समजावा.

कलम १. राहतं घर, मागच्या शेडसह, माझा एकुलता एक मुलगा व्हर्जिल याला द्यावे. अंजिराचं झाड तोडू नये. ते कोणी लावलेलं नाही, आपणहून आलं आहे, आणि या घरात आपणहून आलेलं दुसरं काही नाही.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझं दफन साधेपणानं करावं. उरेल ते चर्चला. पाद्रीबुवांनी माझ्याबद्दल दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये, त्यांना माझी तेवढी माहिती नाही.

कलम ३. ऑर्व्हलचे पाने, हातोड्या, जॅक ही सर्व अवजारे माझा धाकटा दीर क्लोव्हिस याची नात ट्वायला हिला द्यावीत. व्हर्जिलनं राग मानू नये. नट कुठल्या बाजूनं सैल होतो हे त्याला पन्नाशीतही नक्की माहीत नाही. ट्वायला सव्वीस वर्षांची आहे, वेल्डिंग करते, आणि जुन्या फोर्डच्या सांगाड्यावर स्वतःची वेगवान हॉट रॉड गाडी बांधते आहे. आमच्याकडची पोरं पतंग उडवावेत तशा या गाड्या बांधतात.

कलम ४. आता मुख्य वस्तू. शेडमध्ये गोणपाटाखाली आमच्या शर्यतीच्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल आहे. व्हर्जिल त्याला पॉलिश करून वर काच बसवणार आहे. "आई, दिवाणखान्यात टेबल म्हणून काय झकास दिसेल!" ट्वायला गेल्या महिन्यात माझ्या पायरीवर बसून म्हणाली, "आजी, त्याचं टेबल नको गं होऊ देऊस. मला दे, मी त्याला रस्त्यावर आणते."

तो अ‍ॅक्सल ट्वायलाला द्यावा. का, ते सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

त्या अ‍ॅक्सलच्या पाठीवर हलक्या धातूची पेटी आहे. पेटीला मागून झाकण, झाकणाला सहा नट, आणि आत एकावर एक दोन गिअर. नट काढायचे, जोडी बदलायची, तेल भरायचं. दहा मिनिटांत गाडीची चाल बदलते. मोठा खाली बसवला तर इंजिन निवांत राहून गाडी पळते. तीच जोडी उलटी बसवली की इंजिन जिवाच्या आकांतानं फिरतं.

हे काम माझं होतं. गिअरवर आकडे कोरलेले असत, ते मला काय कळणार? मी अंगठ्यानं दाते मोजायची. बावीस दात्यांच्या गिअरवर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवायची. ट्रॅकवरची माणसं मला बघायला यायची. ऑर्व्हल सगळ्यांना सांगायचा, "माझी व्हर्डी चुकत नाही."

एकोणपन्नास सालच्या सप्टेंबरात, शर्यतीच्या दिवशी, मी ती जोडी पेट्रोलमध्ये धुतली आणि ठिपका निघून गेला. मोजायला बसले. सतराअठरापर्यंत आले तोच ऑर्व्हल ओरडला, "झालं का गं? गाड्या रांगेत लागल्या!" मोजणी तुटली. पुन्हा मोजायला हवे होते. मी जोडी अंदाजानं बसवली.

गाडी क्लोव्हिस चालवत होता. चौदाव्या फेरीपर्यंत तो पहिला होता. मग इंजिन फुटलं.

"वहिनी, गाडी किंचाळत होती गं, नेहमीची नव्हती," उतरल्या उतरल्या तो मला म्हणाला. मग ऑर्व्हलकडे वळला. "दादा, जोडी उलटी असेल. एकदा बघ."

"व्हर्डीची जोडी? स्वतःला पेडलवरून पाय उचलता येत नाही आणि वहिनीवर ढकलतोस? जा गं, उघडून दाखव त्याला."

मी गाडीमागे गेले. एकटीच होते. झाकण उघडलं, तेल कोपरापर्यंत ओघळलं. पुन्हा दाते मोजले, या वेळी शेवटपर्यंत. वीस खाली होता, बावीस वर. मी दोन्ही उपसले, अदलाबदल केली आणि हाक मारली, "या, बघा."

क्लोव्हिस वाकून बघत राहिला. टोपी डोक्यावर ठेवून निघून गेला.

इंजिन फोडणारा म्हणून त्याला पुन्हा कोणी गाडी दिली नाही. तो टाफ्टला तेलविहिरींच्या पंपांवर लागला. दोघे भाऊ तीस वर्षं बोलले नाहीत, आणि ऑर्व्हल तसाच गेला. मी का गप्प राहिले? शाळेचा दाखला माझ्याकडे नव्हता. 'व्हर्डी चुकत नाही' एवढाच एक होता.

पुढं ऑर्व्हलनं तो अ‍ॅक्सल आमच्या बत्तीस सालच्या फोर्डला जोडला. त्या सरळ दात्यांचा रस्त्यावर एक आवाज येतो. गुणगुणल्यासारखा, दूरवर कोणी बाई एकच सूर धरून बसल्यासारखा. हिवाळ्यात धुकं जमिनीवर टेकलेलं असायचं, रस्ता दिसायचा नाही, कापसाची शेतं दिसायची नाहीत. आम्ही दोघं त्या सुरावर बसून पांढऱ्या पाण्यातून तरंगत चाललोय असं वाटायचं. डोंगर चढायचा असला की मी उतरून वीसचा खाली घालायची, सपाटीवर बावीसचा. त्या दिवशी जी चूक होती, तीच डोंगरावर बरोबर ठरायची. ऑर्व्हल गेल्यावर व्हर्जिलनं गाडी विकली. अ‍ॅक्सल वाचला, कारण तेलाचं सील बदलायला तो काढलेला होता. अजून पहाटे मला तो सूर ऐकू येतो. उठून खिडकीशी जाते. बाहेर धुकं असतं आणि धुक्यात, शपथेवर सांगते, कोणीतरी नुकतंच वळून गेलेलं असतं.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर कलम चार क्लोव्हिससमोर मोठ्यानं वाचावं. व्हर्जिलनं उठून जाऊ नये.

कलम ६. ट्वायलावर अटी. शर्यतीत दोन्ही मागची चाकं एकत्र जखडलेली असतात. रस्त्यावर तसं चालत नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, आतलं त्याला सोडत नाही, आणि नवराबायकोसारखं भांडून शेवटी काहीतरी मोडतं. ऑर्व्हलनं आत दोन्ही चाकांना आपापल्या चालीनं फिरू देणारं डिफरन्शिअल बसवलं होतं, ते काढू नये. धातूची पेटी म्हातारी आहे, तडा तपासून घ्यावा. आवाज येतो म्हणून कोणी नावं ठेवली तर त्याला गाडीत बसवू नये.

वरील मजकूर एडनानं मला दोनदा वाचून दाखवला, तो माझाच आहे.

खूण: ✕ (व्हर्डी मे स्टॉलकप)
साक्षीदार: १) एडना हॉल्कम २) हार्लन बिग्ज, निवृत्त पंपचालक
ऑइलडेल, १४ ऑक्टोबर १९८८

पुरवणी, त्याच दिवशी, तासाभरानं.

सगळं ऐकून, सही करून हार्लन उठला नाही. तो टाफ्टला क्लोव्हिसबरोबर बावीस वर्षं कामाला होता. टोपी फिरवत बसला आणि म्हणाला, "व्हर्डी, तुला सांगू का? तो अजून जेवताना मध्येच थांबतो आणि विचारतो, 'हार्लन, मी पाय उचलला होता रे. मग ती का किंचाळली?' त्र्याहत्तर वर्षांचा झालाय. मागच्या महिन्यात छातीत दुखून दवाखान्यात होता. तू आधी जाशील असं कोणी लिहून दिलंय का?"

एडना म्हणाली, "मी तुला मघाशीच म्हणत होते."

"तू काय म्हणत होतीस ते लिहू नकोस," मी म्हटलं. तिनं लिहिलंच आहे.

तरी खालील बदल करावेत. कलम पाचमधले 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडून 'या रविवारी' असे लिहावे. वाचायची गरज नाही, मी स्वतः सांगेन. कलम चारमधला अ‍ॅक्सल मृत्युपत्रातून वगळावा, कारण तो शनिवारीच ट्वायला आपल्या पिकअपमधून घेऊन जाईल. उचलायला व्हर्जिलनं हात लावावा.

रविवारी ट्वायलानं माझ्या आधी दहा मिनिटं टाफ्टला पोचावं आणि जेवण सोबत न्यावं. डुकराच्या हाडाबरोबर शिजवलेला राजमा, लोखंडी तव्यातला मक्याचा पाव, त्यात साखर अजिबात नको. आणि मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी. भेंडी डब्यात झाकून नेऊ नये, मऊ पडते, कागदाच्या पिशवीत न्यावी. पिशवी थेट क्लोव्हिसच्या हातात द्यावी आणि त्याला लगेच खायला बसवावं. मी दारात उभी राहून सगळं सांगून होईपर्यंत त्याचं तोंड भरलेलं असू द्यावं.