डब्यातली दुसरी कॉफी

प्रिय भिंगरी,

तुझा फोन आला की मी हल्ली काहीतरी निमित्त काढून तो तुझ्या दादाच्या हातात देते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. दूध उतू जातंय, दारात कुणीतरी आलंय, माझे हात ओले आहेत. इतकी ओली तर मासोळीही नसेल! तू मनात म्हणत असशील, वहिनी दमलीय बिचारी, बाबांचं आजारपण एकटीने काढतेय. नको गं तसं म्हणूस. तू चांगलं बोलायला लागलीस की माझी दातखीळ बसते, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी खुशाली सांगते. बाबा बरे आहेत. डोकं दुखायचं थांबलंय, दोन घास जास्तच जेवतात. पण कालपर्यंत पुढच्या खोलीत पाऊल टाकत नव्हते. औषधाच्या दुकानदाराचा तराजू, सोनाराचा तराजू, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला तराजू, दुरुस्तीला आलेले सगळे मेजावर फडक्याखाली झाकून पडले होते. ती खोली बाबांसाठी काय आहे, हे मी तुला सांगायला नको. श्वास रोखून चिमट्याने वजन ठेवायचं, आणि काटा थांबेपर्यंत घरात कुणी दार आपटायचं नाही. तू आपटलंस म्हणून तर तुला आयुष्यातली एकुलती एक चापट मिळाली, असं तूच सांगतेस. तर त्याच खोलीतलं स्वतःचं सगळं सामान विकायचं म्हणून त्यांनी दादाला गिऱ्हाईक बघायला लावलं. डोकं आता भरवशाचं राहिलं नाही म्हणाले. त्यांना तुझ्याकडे कायमचं घेऊन जायचं तू ठरवलंस, ते त्यानंतरच.

आता मागचं सांगते. नेहमीच्या तपासणीला डॉक्टरांना त्यांचे ठोके मधेच चुकताना दिसले. झोपही नीट नव्हती. डॉक्टर म्हणाले, कॉफी कमी करा, दुपारी घेतलेल्या कपातली निम्मं कॅफीन तुम्ही अंथरुणाला पाठ टेकता तेव्हाही अंगात फिरत असतं. बाबांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, कॉफी सोडण्यापेक्षा डॉक्टर सोडणं स्वस्त पडेल. मी समजावलं, रुसले, एकदा तर डबा वरच्या फळीवर लपवला. ते स्टुलावर चढायला निघाले. पडले असते तर केवढ्याला पडलं असतं? मग मला शहाणपण सुचलं. दुकानात कॅफीन काढून टाकलेली कॉफी मिळते. वास तोच, रंग तोच. मी ती आणली, जुन्या डब्यात भरली आणि पाकीट रद्दीत गुंडाळून फेकून दिलं. बाबांनी पहिला घोट घेतला, म्हणाले, आज झकास जमलीय. मी ओट्याकडे तोंड करून हसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं धरलं. कपाळावर हात दाबून बसायचे, उजेड नको म्हणायचे. भर दिवसा मेजावर डुलक्या, कुणी काही विचारलं की वसकन अंगावर यायचे. बाबा, भिंगरी! ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही ते बाबा. त्यातच औषधाच्या दुकानदाराने त्यांनी नुकताच लावून दिलेला तराजू परत आणला. काटा शून्यावर बसत नव्हता. परत आलेलं काम त्यांनी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी निमूटपणे तो ठेवून घेतला आणि दुकानदार गेल्यावर मला विचारलं, सूनबाई, माझं डोकं गेलं का गं? तोवर मला खरंच काही कळलं नव्हतं, तुझी शपथ. मेंदूत काहीतरी झालं म्हणून आम्ही सगळेच घाबरलो, दादाने इस्पितळ गाठलं, तू तिकडे रडून डोळे सुजवलेस.

मला कळलं ते इस्पितळात. तपासणारी डॉक्टरीण अगदी तरुण, माझ्या लेकीच्या वयाची. तिने विचारलं, आजोबा, कॉफी पिता? अचानक बंद केली का? आणि समजावून सांगू लागली. म्हणे दिवसभर आपल्या अंगात थकव्याचं एक रसायन साठत जातं, ते मेंदूला सांगतं की आता पुरे, झोप. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी. रोजची सवय असली की शरीर तशा जागा वाढवून ठेवतं, आणि एक दिवस कॅफीन आलंच नाही तर सगळा थकवा एकदम चालून येतो. डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, कपाळ ठणकतं, झोप येते, चिडचिड होते. आठवडाभरात निवळतं, पण म्हणून सोडायची तर हळूहळू सोडायची. म्हणजे हे माझ्या डब्याचंच काम! आणि बाबा हसून म्हणाले, छे हो, बंद कसली? माझी सून रोज स्वतः करून देते, तिच्या हातची तर आजकाल जास्तच छान होते. डॉक्टरिणीने माझ्याकडे पाहून विचारलं, हो ना? मी हो म्हणाले. बाबांचा स्वेटर हातात घेऊन उभी होते आणि हो म्हणाले.

मग तिला दुसरी कारणं शोधावी लागली. त्यांना त्या बोगद्यासारख्या यंत्रात घातलं. आत जाताना त्यांनी लहान मुलासारखं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर डब्यात खरी कॉफी मिसळायला लागले, तीही चोरूनच. डोकं दुखायचं थांबलं, आणि श्रेय मिळालं कसल्याशा शक्तीच्या गोळ्यांना. तू फोनवर म्हणालीस, वहिनी, तू आहेस म्हणून बाबा आहेत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तपासणीत काही निघालं नाही हे सांगूनही बाबांचा विश्वास बसेना. म्हणायचे, यंत्राला काय कळतंय, मला माझा हात माहीत आहे. त्यांचं दुखणं मी परत घेतलं होतं, पण त्यांचा स्वतःवरचा भरवसा मला कुठल्या डब्यात घालून देता येईना. आणि गप्प का बसले विचारशील तर एकच उत्तर आहे. लाज. चांगली सून म्हणून जे नाव झालं होतं ते मला सोडवेना.

आज सकाळी बाबा वजनं फडक्यात गुंडाळत होते, उद्या गिऱ्हाईक येणार म्हणून. मी दारातूनच म्हणाले, बाबा, तुमचं डोकं गेलेलं नाही, मी डबा बदलला होता. सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. त्यांनी एवढंच विचारलं, म्हणजे मी बरा आहे? मी हो म्हणाले. त्यांनी परत विचारलं, अगदी बरा? आणि ते फडकं तोंडावर धरून ढसाढसा रडले. मला ओरडायला हवं होतं गं त्यांनी! ते डोळे पुसून उठले, दुकानदाराचा तराजू उघडला आणि पाठमोरेच म्हणाले, दादाला आणि भिंगरीला यातलं काही बोलू नकोस, गोळ्यांनी गुण आला असं मीच सांगतो, माझ्या घरात माझ्या सुनेला कुणापुढे मान खाली घालायला लागता कामा नये. भिंगरी, रविवारी ते तुला फोनवर तसंच सांगतील. ज्या माणसाने उभ्या जन्मात केसभर फरक चालवून घेतला नाही, तो माझ्यासाठी पोटच्या मुलीशी खोटं बोलणार आहे. ते माझ्याने सोसवणार नाही, म्हणून हे पत्र. दादाला आज मीच सांगणार आहे. बाबांना मात्र तू अडवू नकोस. ते गोळ्यांचं सांगतील तेव्हा नुसतं हो म्हण, आणि मग तुला मला जे सुनवायचं असेल ते सुनवायला फोन माझ्याकडे द्यायला सांग. मी येईन फोनवर.

रागावलीस तरी तुझीच,
वहिनी