'चिंगळी'च्या डेमोत माजा आवाज

३ मार्च, सोमवार
आजपास्नं डायरी. मोजकंच लिहिनार. नात ज्ञानेश्वरीनं रिकाम्या कांदाचाळीत बँड मांडलाय. रॉक म्हनं. नाव काय, तर 'चिंगळी'! बाजारात कुनी इचारत न्हाई ती बारकी कांदी! चार गान्यांचा डेमो पुण्याच्या मोठ्या कार्यक्रमाला धाडायचाय. महिनाअखेर चाळीत कांदा पडंल, त्याच्या आत. आवाजाची बाई लागनारच. मी हाय. इचारायला आल्यावर लगेच हो म्हनायचं न्हाई.

५ मार्च
आली न्हाईत. लाजत्यात. म्याच गेले. करण म्हनून एक पोरगा ड्रम बडवतो. केस म्हशीच्या शेपटीगत, तेलाचा थेंब न्हाई. गान्यात ना देव, ना नवरा, ना पाळना. "एसटी आली न्हाई" हेच अठरा डाव. न्हाई आली तर वडापची जीप धरावी! मी डोहाळ्याचं कडवं घातलं. सगळ्यांनी लगेच वायरी गुंडाळल्या. डोहाळजेवनातबी असंच. मी सुरू केलं की बाया भराभर उरकून घरी जात्यात. भरून येतं त्यांना.

११ मार्च, सकाळी
ठराव : रेकॉर्डिंग चालू असताना तोंड उघडायचं न्हाई.

११ मार्च, दुपारी
उघडलं. ताल चुकत हुता, काय करनार? ज्ञानेश्वरी म्हनली, आजी, हे सातवं टेक. मी म्हनलं, आमाला एका दमात जमतं. सून सुकन्या हसली. जळती.

१६ मार्च
कळली एकदाची माजी किंमत! ज्ञानेश्वरी म्हनती, आजी, परवा शिर्डीला जाऊन ये, आवाजाला इसावा. करणनं गाडीबी ठरवली, जायला-यायला. मोठ्या गायकांना असंच जपत्यात.

१८ मार्च
दर्शन झालं. आवाज जपला. बाबांपुढंबी हातानंच मागितलं. घरी आले तर डेमो पुण्याला गेलेला! मी इचारलं, माजं कडवं? ज्ञानेश्वरीनं गळ्यात हात टाकला. म्हनली, आज सगळं तुज्यामुळंच झालं.

२ एप्रिल
निवड झाली!! सगळ्या वस्तीला सांगितलं, आवाज माजा हाय. शेजारची पुष्पावती म्हनली, ऐकवा की मग, आत्या. ऐकवते! रविवारी इस बाया बोलावल्यात.

१३ एप्रिल, रविवार
बाया आल्या. सुकन्यानं मोबाईल स्पीकरला जोडला. पयलं गानं झालं. दुसरं. तिसरं. चौथ्याला मी पदर सावरून बसले. तेबी संपलं. पुष्पावती म्हनली, आत्या, तुमी कुठं हाय ह्यात? मी म्हनलं, मागं हाय, लई मागं. त्याला कान लागत्यात.
मग सुकन्यानं मोबाईलमधलं मोठ्यानं वाचलं. गायन, ज्ञानेश्वरी. ड्रम, करण. रेकॉर्डिंग, १८ मार्च. खाली शेवटाला : चहा, बायडाबाई आजी.
बायांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या.
मी शिर्डीला गेले त्या दिवशी चहा सुकन्यानं केलता.